रानजायफळाची राई

दरवर्षी उन्हाळा सुरू झाला की मसाल्याचे जिन्नस आणण्यासाठी बेगम बाजारात जाण्याचा प्रघात आमच्या घरी चार पिढ्यांपासून आहे. धने, खोबरे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र या यादीत अगदी शेवटी ‘रामपत्री’ असे एक नाव असे. लालसर, सुकलेल्या, जाळीदार तुकड्यांची ती लहानशी पुडी असे. जायपत्रीसारखी दिसणारी, पण जायपत्रीचा सुगंध नसलेली. दुकानदार ती जायपत्रीपेक्षा पुष्कळ स्वस्तात देई आणि आमची आजी ‘ही आपल्याकडची’ असे म्हणून ती हातात घेऊन पाही. आजीचे ‘आपल्याकडचे’ म्हणजे सावंतवाडी संस्थानातील घाटाखालचे एक गाव. आजोबा निजामाच्या नोकरीत आले, सुलतान बाजारात बिऱ्हाड केले, पुढे वडिलांनी दिलसुखनगरला घर बांधले. गाव राहिले ते देवाच्या वार्षिकापुरते, सातबारावरील नावापुरते आणि या पुडीपुरते. रामपत्री म्हणजे रानजायफळाच्या बीवरचे लाल आवरण, एवढे मला ठाऊक होते. ते झाड कोठे उगवते, त्याची भावंडे कोठल्या मातीत उभी असतात आणि ती माती जगाच्या दृष्टीने एवढी मोलाची का, याचा विचार मात्र वयाची साठी उलटेपर्यंत मी केला नव्हता. तो करण्याची वेळ एका कागदामुळे आली. त्या कागदाकडे लेखाच्या शेवटी येतो. आधी झाडाची आणि मातीची हकीकत सांगणे योग्य होईल.

अरण्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोरडी जमीन येते. पानगळ होते, पाने कुजतात, त्यांची माती होते आणि त्या मातीतून पुन्हा झाड उठते. परंतु उष्ण कटिबंधात काही अरण्ये अशी आहेत की जी वर्षातील बहुतेक काळ पाण्यात उभी असतात. साचलेल्या पाण्यात प्राणवायू फारच थोडा असतो. त्यामुळे पाने, फांद्या, मुळे यांना कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांचे काम मंदावते. पडलेले पान पुरते कुजण्याआधीच त्यावर दुसरे पान पडते, दुसऱ्यावर तिसरे. अशा रीतीने हजारो वर्षांत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जो काळपट, स्पंजासारखा थर तयार होतो त्यास ‘पीट’ म्हणतात. सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवर हा थर कित्येक ठिकाणी दहा मीटरांहून जाड आहे. झाडाने हवेतून घेतलेला कर्ब त्या थरात कोंडून राहतो. एका अर्थी ती कोळशाची पहिली अवस्थाच होय. पृथ्वीच्या भूपृष्ठापैकी जेमतेम तीन टक्के भागावर पीटभूमी आहे, तरी जगातल्या साऱ्या अरण्यांतील झाडाझुडपांत मिळून जेवढा कर्ब आहे त्याहून अधिक कर्ब या तीन टक्क्यांत साठलेला आहे. आफ्रिकेतील काँगो नदीच्या खोऱ्यात सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर विस्ताराची पीटभूमी असून तिच्यात सुमारे ३० अब्ज टन कर्ब आहे, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडली ती २०१७ साली. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर जवळजवळ अर्धे शतक एवढी प्रचंड भूमी नकाशावर नीट उमटलेली नव्हती. दलदलीकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी आहे, हे यावरून कळावे.

ती दृष्टी किती महाग पडते याचे उदाहरण इंडोनेशियाने दिले. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या राजवटीत १९९५ साली बोर्निओच्या मध्य कालीमंतान प्रांतातील सुमारे दहा लाख हेक्टर दलदल भाताखाली आणण्याची योजना जाहीर झाली. पाणी काढून टाकण्यासाठी हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खणले गेले. पाणी गेले, परंतु भात काही आला नाही, कारण ती माती आम्लधर्मी आणि निकस होती. कोरडे झालेले पीट मात्र सरपणासारखे पेटू लागले. १९९७ साली अवर्षण पडले आणि शेते साफ करण्यासाठी लावलेल्या आगी जमिनीच्या पोटात शिरल्या. त्या एका वर्षात इंडोनेशियाच्या पीटभूमीतून ८१ कोटी ते २५७ कोटी टन कर्ब हवेत गेला असावा, असा अंदाज २००२ साली प्रसिद्ध झाला. साऱ्या जगाने त्या वर्षी कोळसा व तेल जाळून जेवढा कर्ब सोडला त्याच्या १३ ते ४० टक्के एवढे हे प्रमाण होते. हजारो वर्षांची शिल्लक काही महिन्यांत उडवली गेली, आणि ती उडवणाऱ्यांची समजूत अशी की आपण पडीक जमीन कसत आहोत.

आता प्रश्न असा की या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध? बोर्निओसारखी विस्तीर्ण पीटभूमी सह्याद्रीत नाही. परंतु त्याच घराण्याची एक धाकटी पाती सह्याद्रीच्या कुशीत, केरळपासून थेट आपल्या सिंधुदुर्गापर्यंत, अत्यंत लहान लहान तुकड्यांत तग धरून आहे. या तुकड्यांना वनस्पतिशास्त्रज्ञ ‘मिरिस्टिका दलदल’ म्हणतात. मिरिस्टिका म्हणजे जायफळाची प्रजाती. डोंगरातून निघणारा लहानसा ओहोळ जेथे सपाटीस लागतो आणि पसरून मंद होतो, अशा दरीच्या तळाशी हे अरण्य उभे असते. तेथे बारमाही पाणी असते, पाचोळा आणि गाळ यांचा काळा चिखल असतो आणि त्या चिखलात रानजायफळाच्या जातींची उंच, सदाहरित झाडे गर्दी करून असतात. पीटाचे जाड थर येथे साचत नाहीत, कारण पावसाळ्यात ओहोळ पाचोळा व गाळ वाहून नेतो आणि नवा आणून टाकतो. पण तत्त्व तेच. पाण्याखाली प्राणवायू नाही, म्हणून कुजणे मंद आणि म्हणून चिखलात कर्बाचा साठा.

अशा मातीत झाडाने श्वास कसा घ्यावा? येथील झाडांनी त्यावर जो उपाय शोधला तो पाहणाऱ्यास थक्क करतो. एका जातीची मुळे चिखलातून वर येतात, हवेत वाकतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे वर दिसावेत तसे ते दृश्य असते. दुसऱ्या एका भव्य जातीच्या बुंध्यापासून मनुष्याच्या उंचीच्या वर आधारमुळे फुटतात आणि तंबूच्या दोऱ्यांप्रमाणे चहूबाजूंनी जमिनीत रोवली जातात. झाडाची बी मोठी, तेलकट आणि लाल आवरणाने मढवलेली असते. धनेश पक्षी त्या आवरणाच्या लोभाने ती गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. मात्र ही बी धान्यासारखी वाळवून साठवता येत नाही. ओलावा गेला की थोड्याच दिवसांत तिच्यातील जीव जातो. म्हणजे दलदल एकदा वाळली की पुढच्या पिढीचा प्रश्नच संपतो. नंतर पाणी आणून सोडले तरी रुजायला बी उरलेली नसते.

या झाडाचा लिखित इतिहास आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या दृष्टीने मोठा वेधक आहे. सोळाव्या शतकात गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याचे जाणे-येणे असे. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या औषधींवरील संवादग्रंथात त्याने जायफळ व जायपत्री यांची माहिती दिली, पण ती पूर्वेकडच्या बांदा बेटांतील सुगंधी जायफळाची. त्या सुगंधापायी पुढे काय घडले ते इतिहासास ठाऊक आहे. १६२१ साली यान पीटर्सझून कून याच्या हाताखाली डच कंपनीने बांदा बेटांवर कत्तल करून जायफळाची मक्तेदारी मिळवली. १६६७च्या ब्रेडा येथील तहात रन नावाच्या चिमुकल्या जायफळी बेटावरचा हक्क इंग्रजांनी सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा.

हीच डच कंपनी मलबारातही होती आणि तिचा तेथील गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेड याला वनस्पतींचा नाद होता. त्याने सिद्ध करविलेला ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे बारा खंडांत निघाला. मलबारातील रानजायफळाचे चित्र व वर्णन त्यात आहे. ग्रंथासाठी माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलबारी वैद्य होते. त्यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्यही होते. गोव्यातून कोचीकडे गेलेल्या सारस्वत समाजातले हे लोक. २० एप्रिल १६७५ रोजी त्यांनी आपल्या कामाविषयी दिलेला दाखला ग्रंथाच्या पहिल्या खंडात कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापला आहे. नागरी अक्षरांच्या छपाईच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. आपला मुलूख सोडून परक्या राज्यात वसलेल्या तीन माणसांनी तेथील झाडपाला जाणून घेतला, आपल्या भाषेत त्याची नावे लावली आणि आपल्या लिपीत सही केली. हैदराबादेत शंभर-शंभर वर्षे काढलेल्या आपल्या घराण्यांनी हे उदाहरण आठवणीत ठेवण्यासारखे आहे. आपल्यापैकी किती जणांना सरूरनगर तलावाकाठच्या झाडांची तेलुगू, उर्दू आणि मराठी नावे सांगता येतील?

मलबारचे जायफळ बिनवासाचे, म्हणून त्याच्यासाठी युद्धे झाली नाहीत. त्याची रामपत्री जायपत्रीत भेसळीसाठी आणि रंगासाठी व्यापारात आली, एवढेच. पण त्याच्या चिखली भावंडांवर संकट आले ते निराळ्या दिशेने. ते सुगंधामुळे आले नाही, जागेमुळे आले. दरीच्या तळाची सपाट, काळी, बारमाही पाण्याची जमीन ही भातशेतीला आणि सुपारीच्या बागेलाही सर्वांत उत्तम. कारवार, गोवा आणि दक्षिण कोकण येथील सुपारी-मिरीची कुळागरे अशाच ओहोळांच्या काठी आहेत. शतकानुशतके एक एक दरी साफ होत गेली. ज्यांनी हे केले त्यांना दोष देता येणार नाही. ते आपलेच पूर्वज होते आणि त्यांना पोट होते. यातला एक योगायोग मात्र नमूद करण्यासारखा आहे. ज्या दऱ्यांतून रानजायफळ गेले त्यांतील अनेक कुळागरांत आज बांदाचे सुगंधी जायफळ लावले जाते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची ‘कोकण सुगंधा’सारखी वाणेही तयार केली. आणि सुगंधी जायफळाचे कलम बांधण्यासाठी खुंट म्हणून रानजायफळाच्या रोपाचा उपयोग होतो. ज्याला हुसकावले त्याच्याच मुळांवर नवा उभा आहे.

मग जे थोडे तुकडे उरले ते कसे उरले? याचे उत्तर वनखात्याच्या कागदांत सापडत नाही. ते देवाच्या नावात सापडते. १८०१ साली फ्रान्सिस बुकानन हा कंपनी सरकारचा वैद्य उत्तर कानडातून प्रवास करीत होता. तेथील अरण्ये गावच्या देवांच्या मालकीची आहेत, झाड तोडायचे तर गावच्या गावड्याची अनुज्ञा लागते आणि तो गावडा हाच देवाचा पुजारीही असतो, असे त्याने लिहून ठेवले. पुढे त्याने असाही शेरा मारला की सरकारने मालकी सांगू नये म्हणून लोकांनी काढलेली ही युक्ती दिसते. त्याचा शेरा वाचून राग येण्याचे कारण नाही. युक्ती असेल तर ती उत्तम युक्ती होती. महसुलासाठी आलेल्या अधिकाऱ्याला माणसाशी वाद घालता येत होता, देवाशी येत नव्हता. १८७८च्या वन कायद्यानंतर ही व्यवस्था जागोजाग मोडली. गावचे ‘कान’ म्हणजे राखीव रान सरकारजमा झाले, त्यातील लाकूड कारखान्यांकडे व रेल्वेकडे गेले. जे रान एवढे आडवळणी, एवढे लहान किंवा एवढ्या कडक देवाचे होते की त्याच्याकडे कोणी वळले नाही, तेवढेच शिल्लक राहिले.

वनस्पतिशास्त्राने या दलदलींची दखल घेतली ती फार उशिरा. १९६० साली कृष्णमूर्ती यांनी त्रावणकोरच्या सदाहरित अरण्यांतील मिरिस्टिका दलदलींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६८ साली चॅम्पियन व सेठ यांनी भारतीय अरण्यांच्या वर्गीकरणात त्यांना स्वतंत्र जागा दिली. केरळात आज असे साठेक तुकडे असून त्यांचे सारे क्षेत्र मिळून सुमारे दीडशे हेक्टर भरते. उत्तर कानडातील सिद्दापूर तालुक्यात कत्तलेकान नावाचे रान आहे. या कानडी नावाचा अर्थ ‘काळोखी रान’. तेथे एम. डी. सुभाषचंद्रन यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे काम केले. त्याच रानात २००० साली वनस्पतींची एक नवीच जात उजेडात आली. आपल्या बिब्ब्याची ती भाऊबंद. २०१३ साली केरळच्या दलदलींतून झाडावर राहणाऱ्या बेडकाची एक नवी प्रजाती शास्त्राला ज्ञात झाली आणि तिच्या नावातच या दलदलीचे नाव गोवले गेले. एकविसाव्या शतकात, माणसांनी गजबजलेल्या पश्चिम किनाऱ्यापासून काही कोसांवर, ज्याचे नाव कोणी ठेवलेले नव्हते असे वृक्ष आणि जीव निघावेत, ही गोष्ट सामान्य नव्हे.

गोव्यातील उदाहरण तर मराठी वाचकांना अधिक जवळचे वाटेल. सत्तरी तालुक्यात बांबर येथे ‘निरंकाराची राय’ नावाची देवराई आहे. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही असा देव. १९९५ साली संथाकुमारन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या राईचे आणि तेथील चमत्कारिक हवाई मुळांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा ती मिरिस्टिका दलदल असल्याचे अभ्यासकांच्या ध्यानात आले. गावकऱ्यांना ते नाव माहीत नव्हते. येथे पायताण घालून जायचे नाही, येथील काटकी न्यायची नाही, एवढे त्यांना माहीत होते आणि तेवढे पुरेसे ठरले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा सत्तरीचा मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. पुढे तो पोर्तुगिजांकडे गेला आणि एका रानाच्या दोन बाजूंना दोन राज्ये झाली.

त्यामुळेच की काय, सीमेच्या अलीकडे अशी दलदल असेल याचा पत्ता अभ्यासकांना बराच काळ लागला नाही. २०१८ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे येथील मिरिस्टिका दलदलीची नोंद प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रातील ही अशी पहिली नोंद आणि सह्याद्रीतील सर्वांत उत्तरेकडची. केरळात सुरू झालेली ही माळ येथे संपते. २०२०-२१ या वर्षात महाराष्ट्र शासनाने तेथील २.५९ हेक्टर क्षेत्र ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून घोषित केले. साडेसहा एकरांहूनही कमी! हैदराबादेतील एखाद्या मध्यम वसाहतीएवढी ही जागा. हीही गावाने देवराई म्हणूनच राखलेली. पुण्याचे वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व विद्वानांपुढे मांडले होते, त्याला या शोधाने आणखी एक पुरावा मिळाला.

परंतु वारसा स्थळाची पाटी लावल्याने दलदल वाचते असे नाही, कारण दलदल म्हणजे केवळ तो साडेसहा एकरांचा चिखल नव्हे. ती वरच्या डोंगरातील पाण्यावर जगते. डोंगराचा उतार उघडा पडला की पावसाळ्यात पाणी एकदम धावून येते, माती आणते, दलदल भरून टाकते आणि उन्हाळ्यात झरा आटतो. दोडामार्ग परिसरात गेल्या काही दशकांत डोंगरच्या डोंगर रबर, काजू आणि अननस यांच्या लागवडीखाली गेले आहेत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीस मनाई करणारा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला २०१३ साली द्यावा लागला, यावरून परिस्थिती ध्यानी यावी.

पाण्याला थांबायला जागा लागते, हे हैदराबादकरांना कोणी शिकवण्याची गरज नाही. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुरात सुमारे पंधरा हजार माणसे गेली. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारातील चिंचेच्या झाडावर चढून दीडशे जण वाचले, ही कथा आपल्या सर्वांच्या घरी सांगितली जाते. त्यानंतर विश्वेश्वरय्या आले. मुंबई इलाख्यात त्यांची उमेदवारी झालेली, म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना ते घरचेच वाटत. त्यांच्या योजनेप्रमाणे उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. पाण्याला थांबायला जागा करून देणे हेच त्या योजनेचे सार होते. कुतुबशाहीत, १६२६ साली बांधलेला आपल्या शेजारचा सरूरनगर तलाव हीही तशीच जागा. तिच्याभोवती आपण घरे बांधली. ऑक्टोबर २०२०च्या पावसात तलावाखालच्या वसाहतींत पाणी शिरले तेव्हा लोक म्हणाले, पाणी आमच्या घरात आले. वास्तविक घरेच पाण्याच्या वाटेत गेली होती. घाटातील दलदल हे काम कोणतेही धरण न बांधता करते. पावसाळ्यात पाणी धरून ठेवायचे आणि वैशाखापर्यंत ते थेंबाथेंबाने खाली सोडायचे.

आता त्या कागदाविषयी. आमच्या गावातही देवाची एक राई आहे. ती मिरिस्टिका दलदल आहे असे मी म्हणत नाही, तसे कोणी तपासलेले नाही. राईत एक झरी आहे, तिच्याखाली चिखलाचा पट्टा आहे आणि त्यात काही जुनी झाडे पाण्यात पाय रोवून उभी आहेत. लहानपणी मे महिन्यात गावी गेलो की त्या झरीचे पाणी घागरीने आणलेले आठवते. राईच्या वरचा डोंगर आमच्या भाऊबंदकीच्या सामाईक मालकीचा. सातबारावर एकेचाळीस नावे, त्यांपैकी निम्मी मुंबई, बडोदे, हैदराबाद अशी विखुरलेली. १९९९ साली त्या डोंगराच्या विक्रीचे संमतीपत्र टपालाने आले. मुलीचे लग्न तोंडावर होते, हिश्शाला येणारी रक्कम लहान असली तरी उपयोगाची होती. मी कागद नीट वाचलाही नाही आणि सही करून परत पाठवला. तीन वर्षांनी गेलो तेव्हा डोंगरावर यंत्राने काढलेल्या पायऱ्या होत्या आणि त्यांवर रबराची रोपे रांगेत उभी होती. चुलतभाऊ मला राईत घेऊन गेला. मी पायताण काढू लागलो, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “दादा, झरीचा पाणी आता शिमग्याकच आटता.” त्याच्या बोलण्यात रोष नव्हता. सही त्यानेही केली होती.

यंदा दुसरे संमतीपत्र आले आहे. या वेळी विषय आहे राईलगतच्या त्या चिखलाच्या पट्ट्याचा. महसुली कागदात त्याचे वर्णन ‘पोटखराबा’ असे आहे, म्हणजे लागवडीस अयोग्य. या एका शब्दात बोर्निओपासून बांबर्ड्यापर्यंतचा सारा इतिहास आला आहे. ज्या जमिनीतून माणसाला पीक काढता आले नाही तिला त्याने खराब म्हटले, आणि खराब म्हटल्यावर ती सुधारण्याचा अधिकार आपोआप हाती आला. किंमत या खेपेस बरी आहे. गावातील भाऊबंदांना पैशाची गरज आहे आणि ती खरी आहे. एकाला मुलाचे शिक्षण आहे, एकाला घर शाकारायचे आहे. दूर हैदराबादेत बसून, निवृत्तिवेतनाच्या आधारावर, त्यांना राईचे माहात्म्य सांगणे मला शोभत नाही. ज्याने वर्षातून एकदाही त्या झरीचे पाणी भरले नाही त्याने ती राखण्याचा आग्रह धरावा, यातील विसंगती मला दिसते. परंतु ज्याने पाणी भरले नाही त्याने ती विकावी, यातील विसंगतीही तेवढीच मोठी आहे.

म्हणून मी चुलतभावाला असे लिहिले आहे की माझी सही विक्रीच्या कागदावर होणार नाही. माझ्या हिश्शाची त्या पट्ट्यातील जमीन देवाच्या नावे करून देण्याचा कागद करावा, त्याचा खर्च मी देईन आणि ज्यांना रकमेची निकड आहे त्यांना माझ्याकडून होईल तेवढे देईन. त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही. एकेचाळिसांतील एकाच्या नकाराने व्यवहार अडेल की केवळ लांबेल, हे वकीलच सांगू शकेल. देवाच्या नावे जमीन करणे ही बुकाननने म्हटलेली युक्तीच आहे, हे मला कबूल आहे. दोनशे वर्षांत तिच्याहून बरी युक्ती मला तरी सापडली नाही.

या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी असेच पिवळे पडलेले सातबारे असतील. कोणाचे मराठवाड्यातील, कोणाचे कोकणातील, कोणाचे घाटमाथ्यावरील. त्यांत ‘पोटखराबा’ असे लिहिलेला तुकडा कोठला आहे, तेथे झरा आहे का, राई आहे का, एवढे एकदा गावी विचारून घ्यावे, अशी विनंती आहे. संमतीपत्र येईल तेव्हा विचारायला वेळ नसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

परवा बेगम बाजारात गेलो होतो. रामपत्री मागितली. दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारले, हा माल कोठून येतो ठाऊक आहे का? मी म्हणालो, आमच्याकडून. आजीनेही हेच उत्तर दिले असते. तिने ते दिले असते तेव्हा ते अधिक खरे होते.